छपरातलं भोक

आत्याचा डबा बघायला रविवारी माणसं येऊ लागली, तेव्हा भाचेसुनेला आधी वाटलं, म्हातारीला कुणी मागणी घालायला येतंय. चांगले गुळगुळीत दाढी केलेले, पोक्त बाप्ये कुंपणाला पोट टेकवून उभे राहायचे, परसाकडं टक लावून बघायचे आणि सुस्कारे सोडायचे. एकाच्या तर डोळ्यांत पाणी. "आत्याबाईंना उतारवयात बरे दिवस आले," असं ती नवऱ्याला म्हणालीसुद्धा. मग कळलं, की सुस्कारे आत्यासाठी नव्हते. आत्या ज्यात राहायची त्या गाडीसाठी होते.

गाडी म्हणजे जुनी कॅम्पर. गोल तोंडाची, बटबटीत डोळ्यांची, वरून दुधी आणि खालून हिरवी. आतली बाकं उलगडली की पलंग व्हायचा, बाजूला बोटभर ओटा, ओट्याखाली कपाट, आणि वर छताजवळ पोरासोरांना झोपायला कापडाची एक झोळी. एकेकाळी लोक असल्या गाड्या घेऊन गावोगाव मुक्काम करत हिंडायचे. मग मोटारी सुधारल्या आणि या गेल्या भंगारात. कोंबड्या अंडी घालायच्या त्यांत. आत्या कधी तिला कॅम्पर म्हणाली नाही. तिच्यासाठी तो डबा. भाच्याच्या घरामागं, चाकांखाली विटा लावून उभा असलेला.

आत्याचं आयुष्य एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात इस्त्री करण्यात गेलं. वर कोण राजा येतोय, कोण नटी, तिला काही पत्ता नसायचा. तिला चादरी कळायच्या. चादरीवरून ती सांगायची, अमक्या खोलीतलं जोडपं भांडलंय म्हणून. दिवसभर वाफ. भिंती घामेजलेल्या, पोरी घामेजलेल्या, आणि गरम लोखंडाला बोट लावून ताव बघायची अशी सवय की हाताच्या बोटांना चटका म्हणून कळेनासाच झाला. मात्र वाफेत मुरलेलं ते अंग बाहेरच्या हवेला राजी नव्हतं. भर उन्हाळ्यात आत्या स्वेटर घालायची. लग्न केलं नाही. "दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी, आणि रात्री परत एक चादर चुरगाळून ठेवू?" असं म्हणायची आणि पोरी तोंडात पदर कोंबून हसायच्या.

राहायची हॉटेलच्याच एका खोलीत, सहा बायकांत. त्याआधी भावाच्या घरी, स्वयंपाकघराच्या मागं. अशी खोली तिला कधी मिळालीच नाही, की जिचं दार आपण आतून लावावं आणि आपल्याला वाटेल तेव्हाच उघडावं.

हॉटेल बंद पडलं तेव्हा मालकानं सांगितलं, जुन्या माणसांनी जाताना एकेक वस्तू न्यावी. ज्यानं त्यानं डोकं चालवलं. कुणी फ्रीज नेला, कुणी झुंबर, आचाऱ्यानं भलामोठा आरसा नेला आणि वाटेत फोडला. आत्या मागच्या अंगणात गेली. तिथं एका पाहुण्यानं कधीकाळी सोडून दिलेली ही गाडी गवतात रुतली होती. ती म्हणाली, "मला ही." लोक हसले. हसतील त्यांचे दात दिसतील. भाच्यानं ट्रकला बांधून गाडी ओढत आणली. भाचा फरशी बसवणारा, मनानं बरा, तोंडानं फटकळ. "आत्या, अगं चालत नाही ती!" म्हणाला. आत्या म्हणाली, "मला कुठं जायचंय? दार लागतंय ना?"

दार लागत होतं.

मग तिनं डबा आपल्या बेताचा करून घेतला. ओट्यावर जुन्या दाराची फळी ठोकून इस्त्रीचा फळा केला. आळीतल्या बायका कपडे आणून द्यायच्या. हँगरसाठी आकडे मारले. नायलॉनचे फुलाफुलांचे पडदे लावले. एका खिडकीची काच फुटकी होती, ती काढून शेजारच्या पत्रेवाल्याकडून तिथं पत्रा बसवून घेतला, पत्र्यातून नळकांडं बाहेर काढलं आणि आत एक छोटी बिडाची शेगडी मांडली. हिवाळ्यात त्या डब्यात असं ऊबदार व्हायचं की भाचेसून भाकरी भाजून झाल्यावर शिवणाचं निमित्त काढून तिथंच येऊन बसायची. अशी कितीतरी वर्षं गेली. कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

म्हणणं सुरू झालं ते दातवाल्या डॉक्टरापासून. हा गृहस्थ दुसऱ्यांचे दात काढून थकला आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या कॅम्परी चालवायला लागला. त्याची स्वतःची निळी कॅम्पर आळीच्या तोंडाशी बंद पडली. पाणी मागायला आत आला आणि परसातलं ते गोल तोंड बघून पाणी मागायचंच विसरला. सरळ गाडीपाशी गेला, तिच्या कपाळावर तळहातानं दोनदा थोपटलं आणि म्हणाला, "कुठं होतीस गं इतके दिवस?"

आतून आत्या म्हणाली, "इथंच. आपण कोण?"

या लोकांची ती रीतच. भेटायला आले की गाडीला आधी थोपटायचं, माणसाला नमस्कार मागाहून. रस्त्यात एकमेकांची कॅम्पर दिसली की दिवे मिचकवायचे. एकाची बंद पडली तर दुसऱ्यानं सोडून पुढं जायचं नाही. माणसं वाईट नव्हती, उलट फार गोड. जुन्या कॅम्परवाल्यांचं एक मंडळ होतं; डॉक्टरनं तिथं सांगितलं आणि रविवारची रांग लागली. त्यांच्यात एक होता, त्याला सगळे बोल्टशास्त्री म्हणायचे. शाळेत गणित शिकवायचा, पण जीव सगळा जुन्या बोल्टांत. तो गाडीखाली सरपटत गेला, कुठलासा ठोकलेला नंबर वाचला आणि धुळीनं भरलेलं तोंड घेऊन बाहेर आला तो ओरडतच. "आत्या, ही पहिल्या खेपेतली आहे! अशा आता मोजक्याच उरल्यात!"

"बरं," आत्या म्हणाली. "चहा घेणार?"

त्या दिवसापासून डब्याची सेवा सुरू झाली. कुणी मूळचा दिवा शोधून आणला, कुणी मूळच्या कापडाचे चट्ट्यापट्ट्यांचे पडदे शिवून आणले. प्रत्येक वस्तू घेऊन येणारा माणूस लहान पोर मांडीवर द्यावं तसा ती आत्याच्या हातात द्यायचा. आणि एक वस्तू आत आली की आत्याची एक बाहेर जायची. पडदे आले, फुलाफुलांचे गेले. ओट्याचं मूळचं झाकण आलं, इस्त्रीचा फळा गेला. आकडे काढून भोकं बुजवली. आत्याला नको म्हणता येईना. आयुष्यभर "होय जी" म्हणून चादरी घेतलेली बाई. इतक्या प्रेमानं आणलेलं परत कसं पाठवायचं?

शेवटी बोल्टशास्त्रीनं खिडकीची मूळची काच आणली. कुठल्या परमुलखातून, किती माणसांच्या हाता-पाया पडून, ते तोच जाणे. केक आणला, मेणबत्ती आणली. पत्रा काढून काच बसवली तेव्हा त्याचे डोळे पाझरले. टाळ्या वाजल्या. काच झकास बसली, आणि नळकांड्याला वाट राहिली नाही. शेगडी उचलून भाच्याच्या पडवीत गेली.

"आतलं मूळचं हीटर आहे की, आत्या," डॉक्टर म्हणाला.

"चालतं?"

"नाही. पण मूळचं आहे."

त्या वर्षी थंडी लौकर आली. आत्या जुनी लोखंडी इस्त्री भाच्याच्या घरात चुलीवर तापवायची, टॉवेलात गुंडाळायची आणि पायाशी घेऊन निजायची. पहाटे इस्त्री थंड, आत्या थंड. खोकला लागला.

आणि तिकडं गाडीचा भाव चढायला लागला. जितकी मूळची, तितकी महाग, असा तो धंदा. एकेका प्रेमळ माणसानं आणलेल्या एकेका वस्तूनं भाव वर सरकत गेला होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आलं ते चादरवाल्यांच्या. हे गृहस्थ काचेच्या कारखान्याचे मालक. घरामागच्या मोठ्या गोदामात त्यांनी ओळीनं जुन्या कॅम्परी चादरी घालून ठेवल्या होत्या. चालवत नसत, कुणाला बसू देत नसत. मंडळातले लोक पाठीमागं म्हणायचे, "त्यांच्याकडं गाडी गेली म्हणजे वारली." पण समोर उठून खुर्ची द्यायचे.

चादरवाले आले, हातमोजे घालून डब्याचं दार उघडलं, बंद केलं, त्याचा आवाज ऐकला आणि भाच्याच्या कानात आकडा सांगितला. भाच्यानं तो परत एकदा विचारून घेतला.

रात्रीच्या जेवणाला भाच्यानं फरशीवर खुणा करायची पेन्सिल काढली आणि टेबलावरच नकाशा काढला. घर दोन खोल्यांचं, पोरं तीन, आणि थोरली आता मोठी झालेली.

"हे बघ आत्या. इकडं भिंत पाडायची. इकडं दोन खोल्या काढायच्या. ही पोरांची. आणि ही खास तुझी. सिमेंटची, पक्की. त्या पत्र्यात कुडकुडतेस, मला बघवतं का?"

तो खोटं बोलत नव्हता. आत्यालाही ते दिसत होतं. तिनं नकाशावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"तो संडास."

"म्हणजे पोरं संडासला माझ्या खोलीतून जाणार?"

"रात्री एखाद्या वेळी."

"आणि दार कुठं आहे माझं?"

"दार कशाला? जागा खाते. पडदा लावू छानपैकी."

भाचेसून आमटी वाढता वाढता थांबली. आत्यानं पाणी प्यायलं. "बघू," म्हणाली.

भाच्यानं "बघू"चा अर्थ "हो" असा लावला. चादरवाल्यांनी मात्र तो "आणखी द्या" असा लावला. पुढच्या खेपेला आत्यानं त्यांना तोंडावर सांगितलं, "मला विकायची नाही." ते कौतुकानं हसले, म्हणाले, "आत्याबाई व्यवहाराला पक्क्या आहेत," आणि आकडा वाढवून गेले. तिसऱ्यांदा ती नाही म्हणाली तर आणखी वाढला. म्हातारी पेचात पडली. नाही म्हणावं तर भाव चढतो, हो म्हणावं तर घर जातं. आणि प्रत्येक चढत्या आकड्यागणिक भाच्याचा चेहरा उतरायचा. आपल्या पोरांच्या डोक्यावरचं छप्पर आत्या मांडीखाली दाबून बसली आहे, असं काहीसं त्याच्या नजरेत यायला लागलं. त्याचंही चुकत नव्हतं.

नाकापेक्षा मोती जड झाला. भाच्यानं फाटकाला साखळी लावली. पोरांना डब्यात जायला बंदी, हात चिकट असतात. थोरलीला वरच्या झोळीत निजू दे, तेवढीच तुमची जागा मोकळी होईल, असं आत्यानं सुचवलं तर म्हणाला, "आणि कापड फाटलं म्हणजे?" एकदा आत्यानं ओट्यावर बटाटे उकडले, तर हा धावत आला.

"आत्या! वाफेनं गंज धरतो!"

"अरे, मग मी श्वास घेऊ का नको? त्यालाही वाफ असते."

"दार उघडं ठेवून घे," भाचा म्हणाला. आणि गंमत अशी, की तो थट्टा करत नव्हता.

आत्या आपल्याच घरात चपला बाहेर काढून, अंग चोरून वावरायला लागली. हॉटेलात कधीमधी वरच्या खोल्यांत चादरी पोचवायला पाठवत, तेव्हा अशीच वावरायची. कुठं हात लागू नये, आपला माग राहू नये. आपण राहतो इथं का राखण करतो, हे तिचं तिला कळेना.

मग मंडळाचा वार्षिक मेळावा ठरला, आणि तो भाच्याच्या परसातच घ्यायचा असं मंडळानं ठरवलं. सगळ्या कॅम्परी एकामागून एक रांगेनं येणार, डब्याला हार घालणार, आणि चादरवाले सर्वांसमक्ष सौदा पुरा करणार. भाचा म्हणाला, "आत्या, त्या दिवशी शेवटचं सांगायचंस. मी जबरदस्ती करणार नाही. गाडी तुझी." एवढं बोलून तो बाहेर गेला आणि उगाचच फाटकाची साखळी ओढून बघायला लागला.

मेळाव्याच्या सकाळी भाचा आणि भाचेसून पोरांना घेऊन खुर्च्या आणायला गेले. आत्या पत्रेवाल्याच्या दारात उभी राहिली.

"पत्र्याला गोल भोक पाडायचं मशीन आहे का रे तुझ्याकडं?"

"आहे की. कुठं पाडायचंय?"

"चल, दाखवते."

पत्रेवाला डब्यात शिरला, आत्यानं वर बोट केलं, आणि त्याची बोबडी वळली. "छपराला? आत्या, वेड लागलं का? माझ्या घरासकट मला विकलं तरी या छपराची भरपाई व्हायची नाही. माझा हात चालणार नाही."

"मग मशीन इकडं दे आणि स्टूल धर."

"अहो, भाचा मला उभा चिरेल!"

"सांग, म्हातारीनं धमकावलं. सगळे विश्वास ठेवतील."

आत्या स्टुलावर चढली. नळकांडं छताला टेकवून खडूनं भोवती रेघ ओढली. हॉटेलात तिच्याकडं लग्नाचे पोशाख द्यायचे, बारीक चुण्यांचे, कारण तिचा हात हलत नसे. आताही हलला नाही. मशीन घुरघुरलं, पत्रा किंचाळला, आत्याच्या केसांत दुधी रंगाचा भुगा पडला, आणि बशीएवढा गोल तुकडा खाली पडून फिरत फिरत पलंगाखाली गेला. भोकातून उजेडाचा एक खांब आत उतरला.

"झालं," ती म्हणाली. "आता शेगडी आणायला हात लाव."

मेळाव्याची रांग वळणावर आली तेव्हा सगळ्यात पुढं डॉक्टरची निळी कॅम्पर होती. त्याला डब्याच्या छपरातून धूर निघताना दिसला. "आग! आग!" तो ओरडला, आणि मग एकच गोंधळ. दारं धडाधड उघडली, आग विझवायचे लाल नळे घेऊन सगळे बाप्ये परसात घुसले. बोल्टशास्त्री सगळ्यांच्या पुढं. चादरवाले मागून, हातमोज्यांसह. भाचा खुर्च्या टाकून धावला.

डॉक्टरनं हिसडा मारून दार उघडलं. आत आत्या शेगडीपाशी बसून बटाटे सोलत होती. नळकांडं सरळ वर गेलं होतं, छपरातून बाहेर.

"दार लावा," ती म्हणाली. "ऊब जाते."

मयताला यावेत तसे सगळे माना खाली घालून उभे राहिले. बोल्टशास्त्री गवतात बसला आणि हातातला नळा त्यानं कुशीत घेतला. शेवटी कुणीतरी हळूच विचारलं, "डॉक्टर, बुजवता येईल का हे?"

डॉक्टरनं मान वर करून भोकाकडं नीट, धंद्याच्या नजरेनं बघितलं. "दाढ असती तर भरली असती," म्हणाला. "पण पाडलंय मात्र स्वच्छ."

चादरवाल्यांनी एकेक बोट ओढत हातमोजे काढले. "आता हिच्यात काही अर्थ नाही," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. जाताना दिवे मिचकवले नाहीत.

भाचा दारात उभा होता. "आत्या, हे काय केलंस? अगं, काय केलंस तू हे?"

"थंडी वाजत होती," आत्या म्हणाली.

"नुसतं नाही म्हणायचंस!"

"तीनदा म्हटलं. तीनदा भाव वाढला. चौथ्यांदा म्हटलं असतं तर तूच आजारी पडला असतास."

तेवढ्यात मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. भाचेसून होती. तिनं तोंड दाबायचा प्रयत्न केला, पण हसू काही आवरेना. मग ती सरळ आत शिरली, शेगडीजवळ जागा करून बसली आणि बटाटे सोलायला लागली. तिला बघून पोरंही चिकट हातांनी आत घुसली. कुणी अडवलं नाही. अडवायचं आता कशासाठी?

त्यानंतर बरेच दिवस भाचा आत्याशी बोलला नाही. ताट पाठवायचा, स्वतः यायचा नाही. खोली झाली नाही, भिंत होती तिथंच राहिली, आणि तो ते विसरला असं नव्हे. थोरली मात्र आपलं अंथरूण उचलून डब्यातल्या वरच्या झोळीत राहायला आली. झोपेत लाथा मारते कार्टी, अशी आत्याची तक्रार. ती भाचेसुनेपर्यंत पोचली, भाच्यापर्यंतही पोचली असावी. इस्त्रीचा फळा परत आला. आकड्यांची बुजवलेली भोकं आत्यानं एका दुपारी सगळी उकरली.

मंडळातले अर्धे लोक पुन्हा फिरकले नाहीत. अर्धे यायचे, चहा प्यायचे, शेगडीपाशी बसायचे आणि उठायचं नाव घ्यायचे नाहीत. डॉक्टर पहिल्यांदा परत आला तेव्हा गाडीच्या कपाळाकडं गेलेला हात त्यानं मध्येच थांबवला. दारात येऊन म्हणाला, "नमस्कार, आत्या." आणि मग गाडीला थोपटलं. बोल्टशास्त्री महिनाभर रुसला आणि एका रविवारी उगवला तो मुठीत काहीतरी घेऊन. नळकांड्याच्या कड्याला पत्रेवाल्यानं मारलेले स्क्रू त्याला रात्री झोपू देत नव्हते म्हणे. त्यानं ते काढले आणि त्या काळचे बोल्ट बसवले.

"आता मूळचं झालं का?" आत्यानं विचारलं.

"नाही हो," तो कळवळून म्हणाला. "पण निदान बघवतं."

ऐन थंडीत एका संध्याकाळी डब्याच्या दारावर टकटक झाली. भाचेसून टकटक करत नाही, ती धक्का मारते. पोरं तर खिडकीतूनच येतात. आत्यानं इस्त्री बाजूला ठेवली आणि त्या मूळच्या काचेतून बघितलं. बाहेर भाचा उभा होता. बगलेत जळणाचा भारा, नाक लाल, नजर भलतीकडं. इतक्या वर्षांत त्यानं हे दार कधी वाजवलं नव्हतं. आला की ओढून उघडायचा.

आत्याला दिसत होता तो. तरी तिनं विचारलं, "कोण?"

बाहेर भाच्यानं जळणाचा भारा दुसऱ्या बगलेत घेतला.

"मी आहे गं."

"थांब," आत्या म्हणाली. तिनं हातातलं पातळ सावकाश घडी करून ठेवलं, शेगडीत एक लाकूड सरकवलं, आणि मग कडी काढली. "ये. पाय पुसून ये."